गादीवाले काका आणि न ओढलेली पट्टी

गादीवाले काकांचा उभा जन्म खुर्च्यांना कापड चढवण्यात गेला. त्यांच्या हातच्या बैठकीवर सुरकुती शोधायची, तर भिंग घेऊन बसावं लागे. असा हा कसलेला गडी उतारवयात एका पांढऱ्याशुभ्र खोलीत, डोक्याला जाळीची टोपी घालून बसला होता, आणि त्याला काही म्हणता काही उमगत नव्हतं.

मनगटावर गुंडाळता येतील असे मोबाइलचे पडदे तिथे बनत. पडद्याच्या पाठीवर काकांनी रबरासारखी मऊ, करडी पट्टी चिकटवायची. आतली गरमी शोषून बाहेर टाकायचं काम तिचं. मग यंत्र पडदा वाकवून सरळ करी, पुन्हा वाकवी. पडदा थंड राहिला की हिरवा दिवा, तापला की लाल.

सकाळपासून काकांचे सगळे लाल!

सून त्या खोलीची प्रमुख. तिनेच शब्द टाकून हे काम मिळवून दिलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, दुपारी साहेब येतायत. असंच चाललं तर तुम्हाला टेबलावर ठेवणं माझ्या हातात नाही."

"अगं, पण आरशासारखी बसलीय पट्टी! आणि या शेजारणीची बघ, कडेला कशी लाट आलीय. हिचा मात्र हिरवा!"

"नजर लावू नका, काका," शेजारीण हसली. "माझं काम माझ्यासारखंच, ऐसपैस."

काकांनी पडदा पुसून पाहिला, पट्टी बदलली, यंत्रावरही संशय घेतला. लालच.

"माझ्यासमोर एक लावा बरं," सून म्हणाली.

काकांनी लावली.

"ओढलीत!"

"मी? छे!"

"ओढलीत, बाबा. ताणलेली पट्टी पडदा वाकला की आकसते, घडीपाशी सुटते. मध्ये हवा शिरते आणि गरमी तिथेच अडकते. ओढायची नाही. नुसती ठेवायची, वरून दाबायची."

नुसती ठेवायची? ढिल्या कापडापायी उस्तादाच्या चापट्या खाल्लेल्या माणसाने? पुढच्या वेळी हात पुन्हा ओढून मोकळा झाला. शेवटी काकांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्याने पट्टी ठेवली. सुनेने वरून रूळ फिरवून ती दाबली. कडेला लाट उठली ती उठलीच.

दिवा हिरवा.

काका बघतच राहिले. इतकं गबाळं काम, आणि पास?

तेवढ्यात साहेब आले. दिव्याकडे पाहून म्हणाले, "वा! कोणी लावली ही?"

काकांची कानशिलं गरम झाली. "चुकून झालीय साहेब. आत्ता नीट करतो," म्हणत त्यांनी कडेला हात घातला.

सुनेने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नका!"

"नका लावू," साहेब म्हणाले. "आणि काका, उद्यापासून हे टेबल तुमचंच. सगळ्या अश्शाच लावा."

साहेब गेले. शेजारणीने टाळ्या वाजवल्या. मनगट सुनेच्या मुठीत तसंच ठेवून काकांनी विचारलं, "सूनबाई, ते रागावले, की खूश झाले गं?"