उशीचं गाणं

ताडकळसच्या कडूबाईनं आयुष्यात एकच गाणं रचलं, आणि ते आपलं आहे हे लोकांना पटवता पटवता तिचे केस पिकले.

नामांतराचा दंगा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नणंदेला, दैवशालाला, झरीच्या घरी दिलं. रुखवत आलं की नवरीकडच्या बायांनी वरमाईला गाण्यातून चिडवायचं आणि वरमाईनं हसून ऐकायचं, ही रीत. वरमाय कस्तुराबाई आली तीच काखेत उशी मारून, आणि अक्षता पडायच्या वेळी मांडवात चक्क आडवी झाली. कडूबाईला आयतंच सापडलं.

विहीणबाई आली, उशी घेऊन आली,
मांडवात निजली, अक्षतांना मुकली.

अख्खा मांडव हसला. कस्तुराबाई हसली नाही, आणि तेव्हापासून कडूबाईशी बोललीही नाही. कडूबाईनं ते मनावर घेतलं नाही. गाणं झकास झालं होतं.

गाणं गावोगाव निघालं. बँडवाल्या रंगनाथनं ते क्लॅरिनेटवर घेतलं आणि चाल इतकी पळवली की वरातीतलं घोडं दमलं. ऊसतोडीच्या टोळ्यांनी विहिणीच्या जागी मुकादमाला निजवलं. आश्रुबाच्या भजनी मंडळानं उशी काढून वीणा घातली आणि लोक तेच गाणं डोळे मिटून ऐकू लागले. एका निवडणुकीत जीपवरच्या भोंग्यानं ते विरोधी उमेदवारावर म्हटलं. तो पडला, आणि गाण्यानंच पडला, असं कडूबाईचं ठाम मत होतं.

शेवटी परभणीच्या बाजारात कॅसेट आली. कडूबाईनं नवऱ्याला, मुंजाजीला, वरचं वाचायला लावलं. गाण्यापुढे 'पारंपरिक' असं छापलं होतं. म्हणजे काय, तिनं विचारलं. म्हणजे कुणाचंच न्हाई, मुंजाजीनं सांगितलं. तिला फार वाईट वाटलं. त्या दिवशी ती जेवली नाही. गाणं माझं आहे म्हणावं, तर जो तो आपल्या आजीचं नाव सांगायचा.

मग तिच्या लेकाचं, व्यंकटीचं, लग्न राणीसावरगावात ठरलं. आता वरमाय ती. रुखवत आलं आणि नवरीकडच्या तानुबाईनं तेच गाणं तिच्यावर सुरू केलं. हसायचं सोडून कडूबाई उठून उभी राहिली.

"हे गाणं माझं हाय."

आमच्या आजीचं आहे, तानुबाई शांतपणे म्हणाली. वरमाय रुसली, अशी कुजबुज झाली. कडूबाईनं साक्षीला मुंजाजीकडे पाहिलं. तो बुंदी वाढायला निघून गेला.

तेव्हा दैवशालाची सासू म्हणून आलेली कस्तुराबाई कोपऱ्यातून गुडघा धरत उठली.

"हिचंच हाय," ती म्हणाली. "माझ्यावर केलतं. मानंला गळू झालतं, म्हणून उशी आणली व्हती मी. तापात डोळा लागला, अन् लेकाच्या अक्षता बघायच्या ऱ्हायल्या."

कुणी हसलं नाही. कडूबाईला हवं होतं ते सगळ्या सोयऱ्यांसमोर मिळालं, आणि तिला मान वर करवेना. तिनं कस्तुराबाईला हाताला धरून आपल्या शेजारी बाजेवर बसवलं. पुढं म्हणू का, असं तानुबाईनं विचारलं. म्हण की, रीत हाय, असं कस्तुराबाईच म्हणाली.

पुढच्या लग्नसराईत सुनेनं हळदीच्या वेळी विचारलं, हे गाणं कुणी केलं म्हणून. कडूबाई हळद कालवत होती.

"लय जुनं हाय," ती म्हणाली. "कुणाच्या तरी आजीचं."