भट्टीत गेलेला रोटर

हात थकले म्हणून तुमच्या आजोबांनी घोडेगावचं वर्कशॉप बंद केलं, असं तुम्हाला सांगितलेलं आहे. ते खरं नाही.

आजोबा जन्मभर पाण्याच्या मोटारी रिवाइंड करत, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळत आले. तुमचे बाबा तेव्हा पुण्यात हायब्रिड टेम्पोसाठी ब्रशलेस जनरेटर तयार करत होते. इंजिन चुंबकं लावलेला रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, फिरवतं, भोवतीच्या तांब्याच्या तारेत वीज तयार होते आणि बॅटरीत जाते. झिजणारे कार्बन ब्रश त्यात नसतात. पहिल्या नमुन्याची तार वडिलांनीच गुंडाळावी, असं बाबांनी ठरवलं. आजोबांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला.

वर्कशॉपचं रजिस्टर आणि फाईली मी, तुमची आत्या, बघायचे. चुंबकांच्या खोक्यात एक इंग्रजी कागद होता. तो माझ्या हातात देऊन आजोबा म्हणाले, "बघ गं, काय म्हणतंय."

मी वरच्या दोन ओळी वाचल्या, "नेहमीचंच आहे" म्हणाले आणि कागदाला भोकं पाडून तो फाईलला लावला.

गुंडाळलेली तार व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची, ही रिवाइंडिंगची रीतच. रोटरवर चुंबकं नुकतीच चिकटवली होती. "गोंद बी पक्का व्हईल," म्हणत आजोबांनी रोटरही आत ठेवला. भट्टीचं तापमान मी रजिस्टरात लिहिलं.

चाचणीत व्होल्टेज निम्मंही आलं नाही. रोटर भाजल्याचं आम्ही बाबांना सांगितलं नाही. आमच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

"आप्पा, वेढे मोजताना चुकलं असेल," बाबा म्हणाले.

मोटार न्यायला शिनोलीचा एक शेतकरी आला होता. तो हसला. "आप्पा, आमच्या मोटारीत बी असंच मोजलं का राव?"

बाबा गेल्यावर आजोबांनी सगळी तार सोडली. ते मोजत होते, मी लिहीत होते. वेढे बरोबर भरले. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा मोजलं. व्होल्टेज तेवढंच.

"मोजणी बरोबर, अन् वीज कमी. म्हंजे मोजायचंच इसरलो मी," ते म्हणाले. "लोकांच्या मोटारी कशाला खोलू आता?" त्याच आठवड्यात शटर खाली आलं.

पुढच्या वर्षी ते गेले. फाईली आवरताना तो कागद हाती लागला. चौथी ओळ ठळक होती: ऐंशी अंशांच्या वर तापवू नये, चुंबकत्व कायमचं जातं. रजिस्टरात माझ्या अक्षरात एकशे वीस लिहिलेलं होतं.

मी दोन्ही दाखवल्यावर बाबांनी नवी चुंबकं आणली. तार आजोबांचीच ठेवली. व्होल्टेज हवं तेवढं आलं. बाबांनी मीटर बंद केला. "मी विचारायला हवं होतं," म्हणाले.

"कागद माझ्याकडे होता," मी म्हटलं.

तो जनरेटर माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. व्हार्निशखाली वेढे मोजता येत नाहीत. पण मी ते दोनदा लिहून घेतले आहेत. बरोबर आहेत.