आत्याच्या फोटोसाठी कसबा पेठेत

सांगलीहून निघालो तेव्हा गळ्यात जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता आणि डोक्यात हवा. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो टिपणारं भिंग वेगळं. खिडकीत माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवून दोघांचा एक केला की फोटो स्पष्ट. मोबाइलवाल्यांना यातलं काही कळायचं नाही, हे मी शेजारच्या प्रवाशाला कऱ्हाडपर्यंत ऐकवलं. साताऱ्याचं तिकीट असूनही तो कऱ्हाडलाच उतरला.

काम एकच होतं. बाबांना त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोटो हवा होता. गुडघ्यांचं निमित्त सांगून ते कित्येक वर्षांत पुण्याला गेले नव्हते. आत्या मोबाइलसमोर बसत नाही; आपला चेहरा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरावा हे तिला मंजूर नाही. रोलच्या कॅमेऱ्याला मात्र ती कशीबशी तयार झाली होती.

स्वारगेटला कसबा पेठ म्हणताच रिक्षावाल्याने मान फिरवली, म्हणून चालत गेलो. तांबट आळीत (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली) बहुतेक रोल उडवला. ओट्यावर बसलेले एक पेन्शनर गृहस्थ बघत होते.

"ब्लॅक अँड व्हाइट रोल आहे," मी कोणी न विचारता सांगितलं.

"तांब्याचा रंग घालवायला एवढ्या लांबून आलात?" ते म्हणाले. "आणि भिंगाला झाकण लावा. धूळ आहे इथे."

मी निमूटपणे झाकण लावलं आणि आत्याचं घर गाठलं.

आत्याने आधी थालीपीठ आणि लोणी पुढे ठेवलं. "गरम आहे तोवर खा. मी कुठे पळून जात नाही." खाता खाता मी तिलाही कॅमेऱ्याची थोरवी ऐकवली. मग ती खिडकीपाशी बसली आणि मी कडी फिरवत राहिलो.

"थांब, दोन आत्यांची एक करतोय."

"एकच झेपत नाही तुझ्या बापाला," असं म्हणून ती खळखळून हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. उरलेला रोल तिच्यावर संपवला.

घरी न्हाणीघरात अंधार करून रोल धुतला. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. तांबट झकास आले होते. आत्याच्या जागी मात्र नुसती कोरी पट्टी. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं आणि वेगळ्या खिडकीतून मला सगळं छान दिसत होतं. बाबांना काय सांगावं, या विचाराने रडू यायचं बाकी होतं. आधी आत्याला फोन लावला.

"झाकण होतं ना? मला समोरून दिसत होतं," ती म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"आपण विचारलंत का? एवढे जाणकार आपण. आणि झाकण होतं म्हणून तर हसले." मग तिचा आवाज उतरला. "त्याला माझं तोंड बघायचंय ना? मग म्हणावं, ये. फोटोवर भागवू नकोस."

मी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती कोरी पट्टी उजेडाकडे धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"हसली होती?"

"खूप."

माझ्या कलाप्रवासाची कमाई एवढीच. बाबांनी पट्टी खाली ठेवली.

"रविवारची दोन तिकिटं काढ," ते म्हणाले. "कॅमेरा पण घे. झाकण मात्र काढू नकोस."