पुस्तक कोनं फाडलं

…नाई नाई, ते खोडू नको. ‘रानटी’ म्हनला होता तो, तं ‘रानटी’च लिही. शाळा शिकली म्हनून माह्या तोंडातला शब्द पुसून राह्यली का पोरी? सरक इकडं, उजेडात बस. त्या मानसाचं नाव काढलं का माह्यं डोकं आजबी तापते.

गुणवंतराव बुकवाला. चांद्याचा. तुमी आता चंद्रपूर म्हनता, तवा आमी चांदाच म्हनो. जटपुरा गेटाच्या आतल्या अंगाले त्याचं दुकान. दुकान पुस्तकं इकाचं, पन इकाचीच त्याले मोठी चीड. गिऱ्हाईक पायरीवर चढलं का ह्याच्या कपाळाले आठ्या. पयले म्हने, हात दाखव. पोलीस पाह्यते तसे उलटे-पालटे करून पाहे. तेल दिसलं, हळद दिसली, का म्हने, जा, नळावर जाऊन ये. लोक नळावर जात ते घरीच जात.

एकदा एक शेट आला. पोरीच्या लग्नात अहेर द्याचा होता त्याले. म्हने, “कोनतंबी द्या, फक्त लाल पुठ्ठ्याचं द्या.” गुणवंतराव छत्री घेऊन त्याच्या मांगं धावला, ते थेट गेटापर्यंत. अंदरून त्याची बायको इंदुताई बोले, “अहो, एखादं तरी विका. उद्या काय पुठ्ठे शिजवू?”

तो म्हने, “विकलं की ते घरी नेतात, आणि नेलं की त्याच्यावर कंदील ठेवतात. माणसाची जातच नालायक आहे.”

असा मानूस. पन नाटकाची पुस्तकं साऱ्या चांद्यात त्याच्याचपाशी. मंग जाता कुठी?

आता आमचं सांगतो ते लिही. आमचं गाव मूलच्या अलीकडं, धानाच्या बांध्यातलं. पूस महिन्यात बैलाचा पट भरे, बैलजोड्याईची शर्यत, दहा गावचे लोक येत, आनि पटाले रात्री खेळ पाह्यजेच. माह्या सासऱ्याच्या काळात दंडार होती, जुना नाचगान्याचा खेळ. दंडारीले पुस्तक नसे. बुढा गुरू बसे, तो जे बोलन ते शिकनाऱ्यानं जसंच्या तसं पाठ करा लागे. आपलं काई लावाचं नाई, काई गाळाचं नाई. लावलं तं गुरूची काठी पाठीत. असं आमच्या लोकाईच्या हाडात होतं. मंग जवान पोट्ट्याईले वाटलं, आपन पुस्तकातलं नाटक करू. एका वर्सी त्याईनं ते रानीले वनात धाडते ते नाटक आनलं. माह्या घरवाल्यानं, लटारूनं, रानीचं काम केलं. तवा बाया कुठी कामं करत होत्या बाप्पा! माहं लुगडं नेसून असा रडे का पाह्यनाऱ्या बाया पदर तोंडाले लावत. राजा झाला मुखरू. आनि वनात नेनारा सेनापती झाला लालसू, जंगलातल्या टोल्यावरचा, दहा-बारा घराईच्या वस्तीतला.

आता पाह्य. पुस्तक एक. लटारूले वाचता येत नाई, मुखरूले नाई, लालसूले नाई. आमच्या गावात वाचनारा एक मास्तर, तो रानीचं वाचून दे. मुखरू राजोलीले राहे, त्याचा साळा तिथी टपालात होता, तो राजाचं वाचून दे. लालसूच्या टोल्यावर जंगलाचा नाकेदार, तो सेनापतीचं. मंग काय करन? पुस्तक सुटं केलं आनि ज्याचं त्यानं नेलं. एका पानाच्या पुढच्या अंगाले रानीचं रडनं, मांगच्या अंगाले राजाचा हुकूम. त्यावरून लटारू आनि मुखरूची असी जुंपली का इचारू नको. शेवटी ते पान बाजाराच्या दिवसी ह्याच्याकडून त्याच्याकडं जाये. त्यात इतकं घासलं का ऐन खेळात रानीचं अर्धं रडनंच गायब.

म्हनून दुसऱ्या वर्सी तेच पुस्तक नवं आनाले लटारू आनि मुखरू चांद्याले गेले. गुणवंतरावानं इचारलं, “मागच्या वर्षीच नेलं होतं ना? ते कुठे आहे?”

माहा नवरा भोळा. खरं सांगून बसला. “वाटून घेतलं जी.”

“वाटून?”

“हो जी. पानं पानं करून. ज्याचं त्याले.”

बस्स. तो मानूस उठला ना बाप्पा! “पुस्तक आहे का बकरा आहे रे, वाटे पाडायला? मुंडी कोणी नेली? रानटी लोक! झाडावरून उतरला नाहीत अजून! चालते व्हा!” साऱ्या बजारासमोर बोलला. लोक जमले, हसले. लटारू घरी आला, तो जेवला नाई. डोक्यावरून पांघरून घेऊन पडला. म्हने, “मनकर्णा, मी आता रानी होत नाई.” पट आला तोंडावर, आनि गावाचा खेळ बुडाले लागला.

मले जो राग आला ना पोरी! बोराची टोपली डोक्यावर घेतली, छोट्या लाइनीच्या गाडीत बसली आनि गेली चांद्याले. बोरं काई इकली नाई. सीधी त्याच्या पायरीवर जाऊन बसली.

“हात दाखव,” तो म्हने.

“काऊन? लगन लावून देता का माहं?”

अंदर इंदुताई फस्सकन हसली. त्याचं तोंड लालेलाल. “बाई, काय पाहिजे ते बोला आणि उठा.”

“रानीचं पुस्तक पाह्यजे. मी लटारूची घरवाली. तुमी ज्याले झाडावरचा म्हनले त्याची.”

“नाही मिळणार. तुम्हाला वाचता येतं?”

“नाई.”

“मग पुस्तक काय चाटणार?”

“आयकता तं येते ना! आमच्याकडं तीन गावात तीन वाचनारे. एका जागी पुस्तक ठेवलं तं बाकीचे काय भिंतीकडं पाह्यत बसन? तुमी चांद्यात बसून शिव्या देता, एक दिवस तिथी येऊन वाचून दाखवान तं आमाले पान सुटं कराची गरजच काय? पन तुमाले मानसाचा वास सहन होत नाई!”

मी बी ओरडून बोलली. बजार पुन्हा जमला. तो बी ओरडला, मी बी ओरडली, अर्धी बोरं नालीत गेली. शेवटी तो म्हने, “ठीक आहे! येतो! पण पुस्तक माझ्या हातात राहील. कोणी बोट लावलं तर बोट मोडीन!”

त्याले वाटलं असन का मी भेईन. मी म्हटलं, “या ना. चला.”

इंदुताई तं बाहेरच आली. “जा हो, जा. सावकाश या. घाई करू नका.” त्याचा सदरा, धोतर, तिनं तवाच थैलीत भरून देल्लं. इतक्या वर्सात तिचं दुकान पयल्यांदा तिच्या हाती आलं ना!

तसा तो आला. पुस्तक फडक्यात बांधून पोटाशी धरलेलं, लेकरू धरते तसं. स्टेशनातून उतरल्यापासून शिव्या. धुळीले शिव्या, कोंबड्याले शिव्या, आमच्या गुळाच्या चहाले शिव्या. “हा चहा आहे की काढा?” म्हने, आनि तीन कप पेला. बाजेवर झोपाले देल्लं तं म्हने ढेकूण. खाली झोपाले देल्लं तं म्हने उंदीर. मी म्हटलं, “मंग उभेच झोपा जी, बैलासारखे.” मुखरू म्हने, “मनकर्णाबाई, पावना हाय, जाऊ दे.” काऊन जाऊ द्याचं? मले राग नाई का?

पन वाचे सुंदर. हे बी लिही, मी खोटं नाई सांगत. दुपारच्याले खळ्यावर सारे जमले. लालसू टोल्यावरून आला. गुणवंतराव कनगीले टेकून बसला आनि वाचू लागला, तं बाया सूप खाली ठेवून आयकत बसल्या. तो वाचे, आनि ज्याचं काम तो मांगून बोले. बोलता बोलता हा मंधातच खवळे. “अरे गधड्या, शब्द खातोस की भात खातोस?” मंग नाकातून फुंकारा सोडे, बोट हलवे, “पुन्हा म्हण!” असे गेले काई दिवस. सारं पाठ झालं. त्याच्या मनानंबी झालं, पन तोंडानं कबूल करन तं तो गुणवंतराव कसा?

मंग एका दुपारी तो म्हने, आज मी वाचनार नाई, सारं न थांबता करून दाखवा. गाव लोटलं खळ्यावर. माहा लटारू लुगडं नेसून हात जोडून उभा. मुखरू राजा, कांबळं पांघरून, धानाच्या पोत्यावर बसलेला. हात वर केला आनि खड्या आवाजात बोलला:

“सेनापती! या पापिणीला घोर अरण्यात, अरे गधड्या, शब्द खातोस की भात खातोस, फूं, पुन्हा म्हण, घोर अरण्यात सोडून ये!”

आनि बोटबी तसंच हलवलं. फुंकाराबी तसाच.

देवाशपथ सांगतो, मुखरूच्या मनात पाप नव्हतं. त्याले गुरूनं जे देल्लं ते त्यानं घेतलं. दंडारीची सवय! कोनतं पुस्तकातलं आनि कोनतं गुणवंतरावाच्या घरचं, हे त्याले कोनं सांगितलं होतं? दोनी एकाच तोंडातून, एकाच आवाजात येत होते. लालसूनं बी तिकडून झुकून उत्तर देल्लं, “जशी आज्ञा महाराज, मान वर कर बैला, जशी आज्ञा.”

मंग काय सांगू! बाया एकमेकीच्या अंगावर पडल्या. बुढे खोकलून खोकलून हसले. लटारू रडती रानी, तो पदर तोंडात कोंबून हसला. मीबी हसली, नाई कायले म्हनू.

गुणवंतरावाले वाटलं, साऱ्या गावानं मिळून आपली नक्कल केली. उठला. “मला नाचवता? मला? मी तुमच्या दारात आलो, आणि मला?” हातात जे होतं ते मुखरूवर फेकून मारलं. हातात काय होतं? पुस्तक! मुखरू झुकला, ते पुस्तक गेलं आनि खळ्याच्या मेढीले फाट्टकन लागलं. शिवन तुटली. पानं उडाली खळंभर.

कोनी हसेना मंग. कोंबड्याच तेवढ्या पानावरून फिरत होत्या. तो मानूस तिथीच मटकन बसला, धानाच्या तनसीत. आमी सारे वाकून वाकून पानं येचली. मास्तरानं नंबर पाहून लावली. एकबी पान गेलं नाई, हे जाड अक्षरात लिही. मी गोनपाट शिवाची दाभन आनली, काळा दोरा ओवला आनि त्याच्या डोळ्यासमोर पुस्तक शिवलं. मी म्हटलं, “भाऊ, होते मानसाच्या हातून. हे घ्या.” त्यानं घेतलं, पोटाशी धरलं आनि कोनाकडं न पाह्यता स्टेशनाकडं चालला. जेवन वाढलेलं होतं. पटाचा खेळबी नाई पाह्यला.

खेळ झाला, आनि झोकात झाला. लोकाईले मुखरूचं ‘अरे गधड्या’च जास्त आवडलं. तीन-तीनदा म्हनाले लावलं.

इथवर माहा राग गेला होता. होतो मानूस तापट. पन पुढं उन्हाळ्यात चांद्याचा बजार करून लटारू आला, आनि त्याचं तोंड पुन्हा तसंच काळं. काऊन? तं गुणवंतरावानं साऱ्या चांद्यात सांगून ठेवलं होतं, त्या गावच्या लोकाईनं माह्या डोळ्यादेखत पुस्तक फाडलं! माह्या डोळ्यादेखत! अरे, डोळ्यादेखत तं खरंच फाटलं, पन कोनाच्या हातानं? मास्तरलोकाईले सांगितलं, मूलले आनि वरोऱ्याले नवी दुकानं निघाली होती, त्या दुकानदाराईलेबी सांगितलं. मंग आमाले पुस्तक कोन देते? मुखरू मूलले गेला, तिथी म्हनले, “तुमी फाडनारे ना?” लटारू वरोऱ्याले गेला, तिथीबी हेच. लटारू चांद्याले जाऊन त्याच्या पायरीवर उभा राह्यला, “सांगा जी खरं, गावासमोर झालं हाय,” तं त्यानं आतून फळ्या लावून घेतल्या.

मंग आमी तेच नाटक केलं. दर वर्सी तेच. तोंडपाठ होतं ना, पुस्तक नाई लागे. लोक म्हनू लागले, किती वर्सं एकच रानी वनात धाडता रे, आता तं तिले घरी आना! सिंदेवाहीवाले नवे नवे खेळ करत, आमी तेच. पाह्यनारे कमी झाले. एका वर्सी लटारूनं लुगडं घडी करून माह्या हाती देल्लं, म्हने, आता ठेव. त्यानंतर तो कधी रानी झाला नाई. मरेपर्यंत त्याले एकच लागून होतं, का आपलं गाव फाडनारं ठरलं. मी म्हनो, तू कायले मनाले लावून घेतो? तो म्हने, “मीच म्हनलो होतो ना, वाटून घेतलं जी. म्हनून दुसरंबी आपल्यावरच गेलं.” खरं बोलल्याची शिक्षा, अजून काय!

गुणवंतराव मेला, इंदुताई गेली, लटारू गेला. भांडाले बी कोनी नाई राह्यलं मले.

पन दुकान हाय म्हनते अजून. त्याचा नातू बसते म्हनते, मोठा गोड बोलते म्हनते. तं हे जो कोनी वाचन, त्यानं चांद्याले गेल्यावर त्या दुकानात जाजा. दुकानात गिऱ्हाईक असन तवाच जाजा, रिकामं असन तं थोडं थांबजा. आनि मोठ्यानं सांगजा त्या पोट्ट्याले, मनकर्णाबाईचा निरोप हाय: पुस्तक तुह्या आज्यानं फाडलं, स्वताच्या हातानं. आमी शिवलं. हे तू त्या मूलच्या दुकानदाराच्या नातवाले सांग, आनि वरोऱ्यालेबी कळव.