डब्यातले पैसे

आमच्या दादाचा केबलचा धंदा. सरावलीपासून चिखल्यापर्यंत खांबाखांबांवरून त्याच्या वायरी गेलेल्या, आणि पुढे त्याच वायरींवरून तो इंटरनेटही द्यायला लागला. घरात बसवायच्या मोडेमला तो आणि त्याची गिऱ्हाइकं, सगळेच 'डबा' म्हणायचे. डबा बसवला, डबा जळला, डबा बदलून द्या.

२०१८ मध्ये बाबांच्या चिकूच्या वाडीची एक पट्टी रेल्वेच्या कामात गेली. मोबदला आला. त्यातून गंजाडला जमीन घ्यायची, एवढंच बाबांचं म्हणणं. दादाच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. डबे बनवणाऱ्या कंपनीला एक मोठी टेलिकॉम कंपनी विकत घेणार आहे, असं माल पोचवणारा माणूस त्याला सांगून गेला होता. त्यात नवा माल यायचाही थांबला. सौदा ठरत असल्याशिवाय चालता माल कुणी अडवत नाही, असं दादाचं गणित. जमीन काय, दिवाळीनंतर घेऊ, तोवर पैसे वाढतील. बाबा 'बघ बाबा' म्हणाले. त्यांचं 'बघ बाबा' म्हणजे होकार नव्हे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, दादालाही.

बाजारात शेअरचं काम करणारे एक गुजराती भाई होते, आमच्याकडे येणंजाणं असलेले. दादाने बँकेतून रक्कम काढली, रोख त्यांच्या हातात दिली, कंपनीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, पैसे डब्यात टाका.

मी तलासरीच्या शाळेत शिकवायचे. एसटीतून उतरून घरी पोचले, की दादा मोबाइल पुढे करायचा, इंग्रजी बातमी वाचून सांग म्हणून. बोलणी चालू आहेत. बोलणी फिसकटण्याची चिन्हं. दुसराच कुणी घेणार पुढे आला. भाव पडला की दादा जेवायचा नाही, आणि त्याचं भरलं ताट बघून बाबाही अर्ध्यावर उठायचे. मला दोघांचाही संताप यायचा, आणि भीतीही वाटायची. एकदा विचारलंच, शेअरचे कागद कुठेत? तो माझ्यावरच खेकसला. कागदी शेअर कधीच बंद झाले, आता सगळं कंप्युटरवर असतं, मास्तरीणबाईंना एवढंही कळू नये?

मग एका सकाळी सौदा खरंच जाहीर झाला. भाव नुसता चढत सुटला. दादाने आईला शिरा करायला सांगितला आणि मला स्कूटरवर घालून भाईंकडे नेलं.

भाईंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दादा वाकून आत शिरला आणि म्हणाला, शेअर विकून टाका.

"कसले शेअर?" भाई म्हणाले. "तूच बोलला ने, पैसा डब्यात टाका. मी डब्यात टाकला."

"हो, मग डब्यातच," दादा म्हणाला.

भाईंनी मान खाली घातली आणि सांगितलं. त्यांच्या लाइनीत 'डब्बा' म्हणजे बाजाराबाहेरचा चोरटा सट्टा. भाव चढेल की पडेल, यावर तोंडी पैज. शेअर कुणी घेतच नाही, नावावर काही येत नाही. वापीच्या ज्या माणसाकडे त्यांनी पैज लावली होती, त्याने भाव चढताच फोन बंद केला होता. आपलेही पैसे त्यात बुडाले, असं भाई म्हणाले. खरं-खोटं मला आजही माहीत नाही.

"भाई, डबा म्हणजे मोडेम हो," दादा म्हणाला. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्यावर चिडायचं मी वाटेत ठरवलं असतं तरी मला ते जमलं नसतं.

घरी शिरा झाकून ठेवलेला होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या कंपनीत आपलं नाव होतं तरी किती दिवस? कधीच नव्हतं, दादा म्हणाला.

"वाडी गेली, तेव्हा सातबाऱ्यावर माझं नाव तरी होतं," बाबा म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले.

गंजाडची जमीन दुसऱ्या कुणी घेतली. दादाचा धंदा चालू आहे. डबा बंद पडलाय म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला, की तो आधी 'मोडेम म्हणा' असं सांगतो. बाबा जवळ असले तर हळू आवाजात सांगतो.