ससाण्याच्या घराण्यापायी अडलेलं लग्न

इतर घरांत मुलाला कांदेपोहे देतात. पंचवटीतल्या आमच्या घरी त्याला भल्या पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेतात. बाबा जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. शिकारी पक्षी न ओळखणारा जावई त्यांना चालणार नव्हता. आधीचं एक स्थळ घारीला गरुड म्हणून बाद झालं, दुसऱ्यानं तर पाणकावळ्याचाच ससाणा केला! २००९च्या थंडीत समीरची पाळी आली. हा मला मनापासून आवडला होता, त्यामुळे माझा जीव टांगणीला. "बाबा म्हणतील त्याला फक्त हो म्हण," असं मी त्याला फोनवर बजावलं होतं.

तुम्हीही जाणार असाल तर थंडीतच जा. निफाडपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कंबर सांभाळा. आम्ही निफाडला मिसळ खाल्ली. समीरनं रस्सा दोनदा मागितला आणि आई तिथंच विरघळली.

तिकीट किरकोळ आहे, पण दुर्बीण स्वतःची न्या. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढतोय तोच पाणगवतावरून एक पक्षी तरंगत गेला.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"दलदली भोवत्या, काका. मादी."

बाबा मिशीत हसले. एवढ्यात वरून एक पक्षी सुसाट आला आणि बदकांची पळापळ झाली.

"ससाणा!" समीर ओरडला.

"शाब्बास. घार, गरुड, शिक्रा आणि हा, सगळे एकाच घराण्यातले. बरोबर?"

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण गप्प बसेल तर तो समीर कसला!

"नाही काका. हल्ली डीएनएवरून निघालंय, ससाणा पोपटाच्या जवळचा."

"पोपट? पेरू कुरतडणारा पोपट? अरे, चोच बघ, नखं बघ!"

"ती कामाची हत्यारं, काका. दोन शिंप्यांकडे कात्री असते म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहीत."

"अहो, चहा घ्या," आई घाईघाईनं म्हणाली. बाबांनी चहाला हात लावला नाही. परतीच्या वाटेवर कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे तासभर रखडलो.

समीरला स्टँडवर सोडून घरी आलो, तेव्हा मला रडूच फुटलं.

"बाबा, मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

"तो साफ चुकलाय," बाबा चपला काढत म्हणाले. "होकार कळव."

"चुकलाय तर होकार कसा?"

"मग काय, असा अर्धवट वाद टाकून त्याला दुसऱ्याच्या घरी जाऊ देऊ?"