वैनीचा दुसरा फोटो

माझी वैनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, हृदयाच्या झडपेच्या दुखण्याने आजारी होती. एकदा सरकारी योजनेतून झडप बदलून झाली होती, पण काही वर्षांनी तीही बिघडली. या वेळची शस्त्रक्रिया जोखमीची होती आणि तिचा खर्च योजनेच्या मर्यादेबाहेर जात होता. दादा मालवणात रिक्षा चालवतो, मी आचऱ्याच्या शाळेत शिकवते. घरातलं होतं नव्हतं ते पुढे ठेवलं, तरी निम्म्यालाही पोचेना. तेव्हा मीच सुचवलं, की लोकांकडून मदत गोळा करणाऱ्या वेबसाइटवर घालूया.

वैनी दारापुढच्या ओट्यावर बसून कुळीथ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने विचारलं, "वन्सं, लोकांका काय म्हणान सांगूचा?"

"तू आजारी आसस म्हणान."

"ता गावाक म्हायत आसा. भायल्यांका कित्याक?"

दादा खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडे बघून तीच म्हणाली, "घाला. पण माझो बरो फोटो घाला."

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, गौरीला घेतलेली अंजिरी साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून तुळशीपाशी उभी राहिली. आमच्या वाडीतल्या बायकांच्या फुगड्यांना गाणी सांगायची ती. चारचौघांत उभं राहायची तिला सवय होती. फोटोत छान हसली.

तो फोटो टाकला. चार दिवसांत माझ्या शाळेतल्या बाईंशिवाय कोणी काही दिलं नाही. मग वेबसाइटवाल्या मुलीचा फोन आला. अगदी अदबीने म्हणाली, "मॅडम, फोटोत पेशंट आजारी वाटत नाहीत. बेडवरचा वगैरे नाही का? लोक फोटो बघूनच ठरवतात."

पुढचं सगळं मी केलं. वैनीला जुना गाऊन घालायला लावला. केसांतली फुलं काढली. खाटेवर, पोपडे गेलेल्या भिंतीला टेकवून बसवलं आणि इकडे बघू नको म्हटलं.

ती म्हणाली, "वन्सं, टिकली पण काढू?"

मी नको म्हणाले. पण म्हणायला मला क्षणभर वेळ लागला आणि तो तिने पाहिला.

त्या फोटोवर पैसे आले. मुंबईहून आले, आखातातून आले, कधी न पाहिलेल्या लोकांनी दिले. आठवडाभर दादा दर तासाला फोन करून आकडा विचारत होता. मग ओघ आटला. फोटो मात्र थांबला नाही. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात तो आमच्याच वाडीत आला. फुगड्यांतली एक मैत्रीण रडत घरात शिरली. "इतक्या झाला आणि आमका सांगलंस नाय?" म्हणत तिने उशीखाली नोटा सरकवल्या. ती गेल्यावर वैनीने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. त्यानंतर ती ओट्यावर बसली नाही. गौरीला बायका बोलवायला आल्या, तेव्हा मी झोपलेय म्हणून सांगा, म्हणाली. ती जागी होती. आतल्या खोलीत तिला त्यांची गाणी ऐकू येत होती.

पाऊस सरता सरता निम्म्याहून थोडे अधिक पैसे जमले. तेवढ्यावर सुरुवात करू, असं कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले होते. आम्ही तिला घेऊन गेलो. तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडं थकली होती, फुप्फुसांत पाणी होतं. "दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर प्रयत्न केला असता," ते म्हणाले. दादा त्यांना हात जोडून "बरं साहेब" म्हणाला.

परतताना घाटात गाडी थोडी थांबवली. वैनीने मागच्या सीटवरून विचारलं, "आता माझो आणखी फोटो काढूचो नाय मा?"

"नाय गो," दादा म्हणाला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ती गेली.

तेराव्यानंतर मी वेबसाइटवर दोन ओळी लिहिल्या. खाली काहींनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. एकाने विचारलं, उरलेल्या पैशांचं काय केलं? दादाने ते वाचलं. म्हणाला, "सगळ्यांचे परत देऊक होये." ते परत करण्याची सोय वेबसाइटवर होती, मी तसं कळवलं. मग तो म्हणाला, "नावां वाच बघूया. कोणी कोणी दिल्यानी ती."

मी वाचायला लागले. माझ्या शाळेतल्या बाई सोडल्या तर एकही नाव ओळखीचं निघेना. कितीतरी जणांनी नावाच्या जागी नुसतं 'शुभचिंतक' लिहिलं होतं. तरी प्रत्येकाला दादा मान हलवत होता. दुसरं पान उघडलं तेव्हा तो म्हणाला, "पुरे," आणि रिक्षा घेऊन स्टँडवर गेला.